सतराव्या ओळीतला खडक

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१७ ऑक्टोबर २०२५

महिपत भाऊजी,

दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नका, सगळे जिवंत आहेत. फोनच केला असता, पण छापखान्यातल्या यंत्रांनी तुमचे कान नेल्यापासून फोनवर तुम्ही नुसतं ‘बरं, बरं’ म्हणता, आणि मला कुणी नुसतं बरं म्हटलेलं चालत नाही.

रागाच्या भरात लिहितेय, तेव्हा आधी रागाचं कारण. दामाजींचा कॉम्प्युटर तेरा वर्षांचा झाला. (हो, मी नवऱ्याचं नाव घेते. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी लावलेली सवय आहे, तुमच्या आईला कधी आवडली नाही.) बटण दाबलं की तो सुरू होतो, त्याची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. तर परवापासून पडद्यावर पाटी येते: तुमच्या विंडोजची मुदत चौदा तारखेला संपली, पुढची आवृत्ती तुमच्या यंत्रावर बसणार नाही, नवं यंत्र घ्या. मी कलेक्टर कचेरीत तीस वर्षं स्टेनो होते. जप्तीच्या नोटिसा टाइप केल्यात मी. त्यांतसुद्धा शेवटी ‘आपणांस काही म्हणणे असल्यास’ असं एक वाक्य असतं. इथे तेवढीही रीत नाही.

मेघाली घोडबंदर रोडवरून, तिच्या एकतिसाव्या मजल्यावरून म्हणते, “आई, भंगारात दे ना तो डबा, मी लॅपटॉप आणते.” डबा! तिच्या बापाने त्या डब्यापुढे अकरा वर्षं रविवार घातले.

तुम्हाला ठाऊक आहेच, पण मी सगळं नीट लिहिते, कारण मला ते माझ्यापुरतंही नीट लिहायचंय. त्यात ‘खाडी’ नावाचं एक फोल्डर आहे. सासूबाई ओहोटीला खाडीत कालवं काढायला जायच्या, तेव्हा प्रत्येक खडकाला, वळणाला, चिखलाच्या पट्ट्याला त्यांच्या तोंडी एक नाव असायचं. ती नावं दामाजी दोन बोटांनी टाइप करत बसायचे. मी ते फोल्डर एकदाही उघडलेलं नाही. पण ते तिथे आहे, हे मला रोज सकाळी माहीत असतं. ते गेलं तर घरात त्यांचं म्हणून एक चष्म्याचं घर उरेल, बाकी काही नाही.

मेघालीच्या लग्नात तुम्ही तासभर लिनक्स नावाच्या कशाचं तरी कौतुक करत होतात. मी ऐकल्यासारखं करत होते. आता खरंच ऐकते. सांगा.

दोन वर्षांपूर्वी दामाजींच्या बाराव्याला तुम्ही फोटोला नमस्कार केलात आणि वाढलेलं ताट सोडून निघून गेलात. त्याबद्दल मी काही विचारत नाही. लक्षात आहे, एवढंच.

शालनवहिनी

•

डोंबिवली पूर्व
२५ ऑक्टोबर २०२५

शालनवहिनी, नमस्कार.

पत्र दिवाळीच्या सुटीमुळे उशिरा मिळालं. यंत्र भंगारात देऊ नका. ते धडधाकट आहे. त्याच्या आतली कारभार बघणारी व्यवस्था, म्हणजे विंडोज, तेवढी जुनी झालीय. ती काढून तिथे लिनक्स बसवता येतं. फुकट असतं, जगभरातले लोक मिळून बनवतात, आणि जुन्या यंत्रावर नीट चालतं. आमचा छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने एक मोडका कॉम्प्युटर मला दिला होता. मी आठवी नापास. त्याच्यावर लिनक्स बसवताना मला कुणी सर्टिफिकेट विचारलं नाही. तेव्हापासून तेच वापरतो.

सोबत दोन पेन ड्राइव्ह आहेत. तांबडा रिकामा आहे. आधी दादाचं फोल्डर त्यावर कॉपी करा आणि तो कपाटात ठेवा. फोल्डर उघडून बघायची गरज नाही. आहे तसं कॉपी करा.

मग निळा लावून यंत्र बंद करून परत सुरू करा आणि लगेच एफ-बारा हे बटण टकटक दाबत राहा. एक यादी येईल, त्यात पेन ड्राइव्ह निवडा. लिनक्स उघडेल, पण अजून बसलेलं नसेल. नवीन घर घ्यायच्या आधी चार दिवस राहून बघतात तसं समजा. पेन ड्राइव्ह काढलात की विंडोज जिथल्या तिथे. आठवडाभर बघा, मग ठरवा. घाई नाही.

गुडघ्यांना जपा.

महिपत

•

ठाणे
४ नोव्हेंबर २०२५

भाऊजी,

ठाण्याहून डोंबिवलीला पाकीट जायला चार दिवस लागतात. चालत गेलं असतं तरी लवकर पोचलं असतं. असो.

तुमच्या सूचना उत्तम होत्या. मी स्टेनो आहे, जे लिहिलंय तेच करते. फोल्डर न उघडता तांबड्यावर घेतलं आणि तांबडा माझ्या लग्नाच्या शालूत गुंडाळून ठेवला. एफ-बारा पहिल्यांदा हळू दाबला, विंडोजच आलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा कचेरीत वरिष्ठांवरचा राग टाइपरायटरवर काढायचे तसा दाबला, तेव्हा तुमचं लिनक्स आलं.

आता माझं मत. पहिले दोन दिवस मला ते मुळीच आवडलं नाही. सगळं दिसायला तसंच, आणि हात घातला की दुसरीकडेच. सून आल्यावर फडताळातले डबे हलतात तसं. तिसऱ्या दिवशी मी भाषा मराठी केली. भाऊजी, मला एक सांगा, ‘रद्द करा’, ‘पुढे चला’, ‘कचरापेटी रिकामी करायची का?’ हे सगळं कुणी लिहिलं असेल? कुणीतरी बसून एकेक शब्द लावला असणार. पगार नाही, नाव नाही. दोन ठिकाणी मराठी चुकलेलं आहे, ते मी वहीत उतरून ठेवलंय. कळवायचं कुठे ते सांगा.

नोव्हेंबर आहे, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा फॉर्म छापायचा होता. प्रिंटर जोडला, म्हटलं आता मागेल सीडी. त्याने काही मागितलं नाही. छापून मोकळा झाला. मी हयात आहे, यावर लिनक्सने विश्वास ठेवला. बँक अजून विचारात आहे.

मेघाली आली होती. म्हणाली, “आई, तू हॅकर झालीस काय?” मी तिला लाडू दिला आणि गप्प केलं.

कायमचं बसवायचं ठरवलंय. पुढची सूचना पाठवा.

शालनवहिनी

•

डोंबिवली
११ नोव्हेंबर २०२५

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बऱ्याच दिवसांनी हसलो.

निळ्या पेन ड्राइव्हवर लिनक्स उघडलं की ‘स्थापित करा’ असं चित्र दिसेल. ते दाबा. विचारेल ती उत्तरं द्या. शेवटी विचारेल, पूर्ण डिस्क पुसायची का. त्या आधी उठा, कपाट उघडा, तांबडा शालूत आहे हे डोळ्यांनी बघा, मग ‘हो’ म्हणा. अर्धा तास लागेल. झालं की दादाचं फोल्डर तांबड्यावरून परत यंत्रात ठेवा.

ते वाचायचंच असं काही नाही. जपून आहे, तेवढं पुरे.

मराठीतल्या चुका मला पाठवा, मी योग्य जागी पोचवतो.

महिपत

•

ठाणे
२२ नोव्हेंबर २०२५

महिपत भाऊजी,

परवा वीस तारखेला दामाजींना जाऊन दोन वर्षं झाली. लिनक्स त्याच्या आदल्या दिवशी बसलं. फोल्डर परत ठेवलं. मग वाटलं, आजच्या दिवशी तरी उघडावं. त्यांच्या आवडीची चिंबोरीची आमटी केली होती, हात धुतले आणि त्यांच्या खुर्चीत बसले.

उघडलं. पहिल्या पानावर इंग्रजी अक्षरं. ए-वर टोप्या, ओ-वर टिंबं, पौंडाचं चिन्ह, मध्येच प्रश्नचिन्ह. दुसऱ्या पानावर तेच. एकशे बारा पानं, भाऊजी, एकशे बारा पानांवर तीच राड. एक मराठी अक्षर नाही. तांबड्यावरची प्रत पाहिली, तीही तशीच. आणि मूळ यंत्र मी माझ्या हाताने पुसलंय. तुम्ही सांगितलंत म्हणून.

तीस वर्षांत मी एक कागद गहाळ होऊ दिला नाही. आणि ज्या एका कागदासाठी मी हे सगळं केलं, तो तुमच्या फुकटच्या लिनक्सने खाल्ला. मेघालीचं ऐकायला हवं होतं.

दोनदा लिहिलंत, उघडायची गरज नाही, वाचायचंच असं नाही. मी भोळी, मला वाटलं काळजीने लिहिताय. आता कळतंय. दामाजींचं ते काम तुम्हाला कधी खपलंच नव्हतं. ते तुमच्याकडे डोंबिवलीला वही घेऊन आले होते, आणि परत आले ते महिनाभर धड बोलले नाहीत. काय झालं ते मला सांगितलं नाही. आज मला विचारायचंही नाही.

त्यांना एकदा स्मशानात पोचवलं होतं. आता दुसऱ्यांदा पोचवलं.

शालन

•

ठाणे
१३ डिसेंबर २०२५

भाऊजी,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. माझ्या पत्रानंतर उत्तर यावं अशी अपेक्षाही नाही. तरी लिहितेय, कारण एक गोष्ट घडलीय आणि ती तुमच्यापासून लपवणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

मेघालीने लॅपटॉप आणला. कोरा, नव्या विंडोजचा. मी म्हटलं, लाव तांबडा, बघू दे. लावला. तीच इंग्रजी अक्षरं, त्याच टोप्या, तेच पौंड. म्हणजे लिनक्सने काही खाल्लेलं नाही. राड आधीपासूनची आहे, किंवा आणखी काही आहे जे मला कळत नाही.

मेघाली म्हणाली, “बघ, काकांवर उगाच ओरडलीस.” मी म्हटलं, “ओरडले नाही, लिहिलं.” ती म्हणाली, “तुझं लिहिणं लोकांच्या ओरडण्यापेक्षा मोठं असतं.”

माफी मागायची मला सवय नाही. सिस्टरांनी शिकवली होती, पण इंग्रजीत, आणि ती इंग्रजीत मागितली की खरी वाटत नाही. तर एवढंच लिहिते, की त्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला परत हवंय. ते फाडून टाका.

आजारी नाही ना? दोन ओळी टाका. रागाच्या असल्या तरी चालतील.

शालनवहिनी

•

डोंबिवली
१९ डिसेंबर २०२५

वहिनी,

आजारी नाही. रागावलोही नाही. तुमचं पत्र बरोबर होतं, म्हणून उत्तर सुचत नव्हतं.

आधी कामाचं. दादाच्या फायली शाबूत आहेत, एक अक्षर गेलेलं नाही. मी खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणारा माणूस, त्या भाषेत सांगतो. छापखान्यात लाकडी पेटीत प्रत्येक अक्षराचा खण असतो. जुने मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी काय केलं, इंग्रजी पेटीतल्याच खणांत आपले खिळे भरले. ए-च्या खणात एक, बी-च्या खणात दुसरा. तो फॉन्ट यंत्रात असला की मराठी दिसतं. नसला की यंत्र बिचारं खणावरचं इंग्रजी नाव वाचून दाखवतं. तुमच्या विंडोजमध्ये तो फॉन्ट होता. डिस्क पुसली तेव्हा तो गेला. लिखाण आहे, खिळे गेले.

ते खिळे माझ्याकडे आहेत. फॉन्ट आमच्याच छापखान्यातला, दादाला मीच दिला होता. सोबत पिवळा पेन ड्राइव्ह आहे. त्यातल्या एकुलत्या एका फाइलवर दोनदा टिचकी मारा, ‘स्थापित करा’ म्हणा. मग फोल्डर उघडा.

आता दुसरं. हे मला ऑक्टोबरात तुमचं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच माहीत होतं. फॉन्ट तेव्हाच पाठवता आला असता. पाठवला नाही. मला वाटलं, वहिनी ते फोल्डर कधी उघडत नाहीत, उघडणार नाहीत. कपाटात जपून राहील. त्यात माझ्याबद्दल जे लिहिलंय ते कुणी वाचणार नाही.

दादा वही घेऊन आला ते २०१६ साल. खडकांची नावं विचारत होता. आमचा बाप गेला तेव्हा दादा कॉलेजात होता, मी शाळेत. आईबरोबर होडीत कुणीतरी जायला हवं होतं. मी गेलो. ती सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात उतरून खडकांवरची कालवं काढायची, मी होडी धरून ठेवायचो. चार वर्षं. शाळा तिथेच सुटली. दादाने खाडीत पाय कधी बुडवला नाही. आणि साठी उलटल्यावर वही घेऊन माझ्यासमोर बसतो, म्हणतो, त्या काळ्या खडकाला आई काय म्हणायची रे?

मी म्हटलं, “नावं पायजेत तर सुकतीला चिखलात उतर, आणि खडकांनाच विचार. कॉलेजातून दिसत नव्हते तेव्हा.” त्याने पेनाला टोपण लावलं, चहा न पिता उठला. त्यानंतर आम्ही लग्नात भेटलो, हसलो, लिनक्सवर बोललो. ते कधी बोललो नाही. बाराव्याला ताटावर बसलो आणि त्याचा तो न प्यायलेला चहा आठवला. ताट तसंच ठेवून उठलो.

फोल्डर वाचा. तुमचा हक्क आहे. त्याने माझ्याबद्दल जे लिहिलं असेल ते मला कळवू नका, एवढी विनंती.

महिपत

•

ठाणे
२७ डिसेंबर २०२५

भाऊजी,

कळवू नका म्हणालात. मी कळवणार. कलेक्टरांचे हुकूमही मला न पटल्यास मी टाइप करून समोर ठेवायचे आणि म्हणायचे, साहेब, एकदा वाचून बघा.

फॉन्ट बसवला. टोप्या गेल्या, पौंड गेले, आणि दामाजी आले. न आणि ण मध्ये त्यांची नेहमीची गफलत, दोन शब्दांत दोन-दोन जागा सोडायची सवय, सगळं तिथे आहे. मी थोडा वेळ नुसती अक्षरं बघत बसले, वाचलं नाही.

मग वाचलं. आखलेला तक्ता आहे. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात ठिकाण, तिसऱ्यात ‘कोणी सांगितले’. बहुतेक ठिकाणी ‘आई’. मधूनमधून पहिला रकाना रिकामा आहे. त्या प्रत्येक ओळीत तिसऱ्या रकान्यात दोनच शब्द आहेत: ‘महिपतला विचारणे’. मी मोजल्या. त्रेसष्ट ओळी.

तुमच्याबद्दल याशिवाय एक अक्षर नाही, भाऊजी. तक्रार नाही, टोमणा नाही. एकशे बारा पानं मी दोनदा वाचली. फाइलीवर शेवटची तारीख ५ नोव्हेंबर २०२३ आहे. रविवार होता. पंधरा दिवसांनी ते गेले. त्या रविवारीही ते बसले होते, आणि ‘विचारणे’ खोडून ‘विचारले, सांगितले नाही’ असं त्यांनी केलं नाही. सात वर्षं ते विचारायचंच ठेवून होते.

फक्त सतरावी ओळ वेगळी आहे. तिथे ठिकाणाच्या रकान्यात लिहिलंय: ‘कळव्याच्या पुलाच्या अलीकडे, काळा, पाठ सपाट. इथे आई कमरेपर्यंत रुतली होती. भरती लागलेली. महिपतने ओढून काढली, तो चौदाचा. मला हे दहा वर्षांनी दुसऱ्यांकडून कळले. नाव: महिपतला विचारणे.’

माझंही एक सांगते. मेघाली लहानपणी आजीसारखं बोलायची, ‘हाय’, ‘नाय’, ‘जातंव’. मी तिला प्रत्येक शब्दाला टोकायचे. या घरात नीट बोला. दामाजी माझ्यासमोर कधी वाद घालायचे नाहीत. ते उठून कॉम्प्युटरपुढे जाऊन बसायचे. ते तिथे काय करत होते, हे मला आज कळतंय. त्या बोलण्याला घरात जागा नव्हती, म्हणून त्यांनी ते यंत्रात नेऊन ठेवलं. तुम्ही त्यांना चिखलात पाठवलंत, मी त्यांना खोलीत पाठवलं. दोघांनी मिळून केलंय.

तेव्हा आता दोघांनी मिळून पुरं करायचं. मी लिहून घेते, तुम्ही सांगा. टपालाने. मी अजून मिनिटाला चाळीस शब्द टाइप करते, तुमच्या चार दिवसांच्या पाकिटाला ते पुष्कळ झालं.

सुरुवात सतरापासून. त्या खडकाचं नाव काय?

शालनवहिनी

•

डोंबिवली
७ जानेवारी २०२६

वहिनी,

तुमचं पत्र शर्टाच्या खिशात घेऊन आठ दिवस फिरलो. आज लिहितो.

त्या खडकाला आधी नाव नव्हतं. काळा म्हणायचो. त्या दिवशी आई त्याच्या पाठीवरून उतरली आणि चिखलाने तिला धरलं. पाणी चढत होतं. मी होडी सोडली, खडकावर पालथा पडलो आणि तिच्या काखेत हात घालून ओढली. किती वेळ ते माहीत नाही. होडी वाहून गेली, ती नंतर विटाव्याकडे सापडली. आई बाहेर आली, खडकावर बसली, तोंडावरचा चिखल पुसला. मला वाटलं, मला जवळ घेईल. ती पहिलं वाक्य बोलली, “दामाला सांगू नको, त्याचा पेपर हाय उद्या.”

त्यानंतर ती त्या खडकाला दामाचा खडक म्हणायला लागली. जाता-येता त्याला हात लावायची. कारण तिला तिथे तोच आठवला होता.

रुतली ती, काढली मी, आणि नाव त्याचं. चौदाव्या वर्षी ते लागलं, ते दादा वही घेऊन आला तेव्हा, बासष्टीलाही गेलं नव्हतं. दादाने नेमक्या त्याच खडकाचं नाव विचारलं. ते त्याचंच नाव आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला एक शब्द बोलायचा होता. तो ऐकून दादा रडला असता, मला माहीत होतं. म्हणून दिला नाही. मग तो गेला, आणि तो शब्द माझ्याकडेच राहिला.

आता लिहून घ्या. दामाचा खडक.

महिपत

•

ठाणे
१४ जानेवारी २०२६

भाऊजी,

लिहिलं.

जुन्या फॉन्टमध्ये नाही लिहिलं. तुमच्या लिनक्समध्ये आता आहे त्या मराठीत लिहिलं, जी कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसते. सगळीच पानं मी तशी पुन्हा टाइप करणार आहे. उद्या कुणी उघडलं तर त्याला तुमच्या पिवळ्या पेन ड्राइव्हसाठी माझ्यासारखी शिवीगाळ करावी लागू नये. न आणि ण च्या चुका मात्र दुरुस्त करणार नाही. हे मी म्हणतेय, लक्षात घ्या.

सतराव्या ओळीत आता पहिल्या रकान्यात ‘दामाचा खडक’ आणि तिसऱ्यात ‘महिपत’. ‘विचारणे’ पुसलं. एवढं एक पुसायच्या आधी मी उठून तांबडा शालूत आहे का ते बघून आले. मेघालीला दाखवलं. ती वाचून म्हणाली, “बाबांना सांगाला पायजे हुतं.” आजीच्या बोलीत म्हणाली. मी टोकलं नाही.

बासष्ट ओळी राहिल्यात. पत्रांनी केल्या तर मला शंभर वर्षं जगावं लागेल, आणि बँक तितके दाखले घेणार नाही. म्हणून एक ठरवलंय, आणि ते विनंती म्हणून लिहीत नाही. मी भरतीचं कोष्टक छापून घेतलंय. पंचवीस जानेवारीला, रविवारी, भर दुपारी सुकती आहे. भांगाची, म्हणजे अर्ध्या चंद्राची असल्यामुळे पाणी फार उतरणार नाही, हे तुमच्या दादांच्या चाळिसाव्या पानावरून शिकले. तरी पुलावरून उंच खडक दिसतील. मेघाली गाडीने आपल्याला कळव्याच्या पुलावर नेईल. तुम्ही बोट दाखवायचं, मी वहीत शॉर्टहँडने उतरवून घ्यायचं. तुम्हाला ऐकू येत नाही, माझे गुडघे चालत नाहीत. दोघांचं मिळून एक माणूस होईल.

नंतर घरी जेवायचं. कालवं मिळाली तर कालवांचं, नाही तर चिंबोरी. दोन वर्षांपूर्वीचं एक ताट तुमच्यासाठी अजून वाढलेलं आहे. पाट दामाजींच्या शेजारी मांडते, म्हणजे फोटोच्या. त्या दिवशी चहा कुणी प्यायला नव्हता, तोही करीन. दोन कप.

शालन